ठिपक्यातून रोगकारक वेगळा करताना प्लेटवर दर वेळी भलतेच काही उगवते: चूक कुठे आहे ते कसे शोधायचे

समस्या ओळखीची आहे. पानावर ठसठशीत ठिपके आहेत. तुकडा कापला, ब्लीचमध्ये बुडवला, धुतला, पीडीएवर (बटाटा, डेक्स्ट्रोज आणि अगर यांच्या जेलीसारख्या माध्यमावर) ठेवला. तिसऱ्या दिवशी प्लेट भरली, पण ज्याची वाट पाहत होतो ते आलेच नाही. हिरवी ट्रायकोडर्मा, काळी टोके असलेली कापसासारखी रायझोपस, नाहीतर तुकड्याभोवती बुळबुळीत जिवाणू. मग ब्लीच वाढवले, तर काहीच उगवले नाही. कमी केले, तर पुन्हा तीच गर्दी. असे वारंवार होते, कारण दर वेळी औषध बदलले जाते आणि निदान राहूनच जाते. वनस्पतिरोगाच्या प्रयोगशाळेत तरी असे व्हायला नको.

खराब झालेली प्लेट फेकण्याआधी वाचायची असते. कोणती बुरशी आली यापेक्षा ती प्लेटवर कुठून सुरू झाली हे जास्त कामाचे आहे. त्यासाठी प्लेट २४, ४८ आणि ७२ तासांनी पाहा आणि दर वेळी वाढीची कड मार्करने प्लेटच्या तळावर बाहेरून आखा. चौथ्या दिवसानंतर सगळे एकमेकांत मिसळते आणि मूळ जागा कळत नाही.

वाढीची जागा काय सांगते

तुकड्यापासून दूर, पृष्ठभागावर इकडेतिकडे गोल वसाहती दिसत असतील, तर त्या हवेतून, हातातून किंवा झाकणावरच्या थेंबातून पडलेल्या आहेत. ऊतीचा किंवा ब्लीचचा इथे काही संबंध नाही.

वसाहती अगरच्या आत, वेगवेगळ्या खोलीवर, भिंगासारख्या चपट्या आकारात असतील आणि त्या खेपेला ओतलेल्या जवळपास सगळ्या प्लेट तशाच असतील, तर माध्यमच निर्जंतुक झालेले नाही. असे जिवाणू बहुधा बॅसिलससारखे, उष्णता सोसणारे बीजाणू करणारे असतात.

वाढ प्लेटच्या काठावरून आत सरकत असेल, किंवा नागमोडी रेषेत छोट्या वसाहतींची माळ दिसत असेल, तर कोळी (डोळ्यांना जेमतेम दिसणारे माइट) शिरले आहेत. त्यांच्याबद्दल पुढे.

प्रत्येक तुकड्याभोवती पांढरट किंवा पिवळसर चिकट कडे असेल, तर जिवाणू तुकड्याबरोबर आले. ते धुण्याच्या पाण्यातले असू शकतात, कुजलेल्या ऊतीतले असू शकतात, किंवा खरा रोगकारकच जिवाणू असू शकतो. ही तिसरी शक्यता सगळ्यात जास्त वेळा सुटते.

बुरशी तुकड्यातूनच येते, पण दर तुकड्यातून वेगळी, तर नमुना जुना आहे किंवा कापण्याची जागा चुकली आहे. दर तुकड्यातून एकच बुरशी येत असेल तर आनंद होतो. तो जरा राखून ठेवा, कारण पानाच्या आत निरुपद्रवीपणे राहणाऱ्या बुरश्याही अशाच सातत्याने येतात.

आधी चार कोऱ्या प्लेट

पुढच्या खेपेला नेहमीच्या कामाबरोबर चार जादा प्लेट लावा. पहिली न उघडता तशीच उबवणीत ठेवा. ती माध्यमाची परीक्षा. दुसरी लॅमिनारमध्ये (गाळलेल्या हवेचा सरळ प्रवाह असलेल्या कामाच्या पेटीत) १५ मिनिटे उघडी ठेवून बंद करा. ती हवेची परीक्षा. तिसरीवर शेवटच्या धुण्याचे ०.१ मिलिलिटर पाणी पसरा. चौथीवर ब्लीच करून धुतलेला, टिपलेला तुकडा दोन्ही बाजूंनी हलकेच दाबा आणि उचलून घ्या. या ठशाच्या जागी काही उगवले, तर पृष्ठभाग स्वच्छ झालेला नाही. ठसा कोरा राहिला आणि त्याच तुकड्यातून दुसऱ्या प्लेटवर बुरशी आली, तर ती आतूनच आलेली आहे.

या चार प्लेटमुळे निम्मे वाद मिटतात. त्या न लावता ब्लीचचे प्रमाण बदलत बसण्यात अर्थ नाही.

पहिली प्लेट खराब: माध्यम

पीडीएचे प्रमाण सगळ्यांना पाठ असते: २०० ग्रॅम बटाट्याचा अर्क, २० ग्रॅम डेक्स्ट्रोज, १५ ते २० ग्रॅम अगर, १ लिटर पाणी, १५ पौंड दाब, १२१ अंश सेल्सियस, १५ ते २० मिनिटे. गडबड होते ती वेळ मोजण्यात. ऑटोक्लेव्हमधली (वाफेच्या दाबाने निर्जंतुक करणाऱ्या भांड्यातली) हवा पूर्ण निघाली नाही तर काटा १५ पौंड दाखवतो, पण तापमान १२१ अंशांवर पोचत नाही. म्हणून झडपेतून वाफेचा अखंड झोत आल्यावरच ती बंद करायची आणि दाब पूर्ण झाल्यावर घड्याळ लावायचे. फ्लास्क निम्म्याहून फार जास्त भरू नका. एकाच भांड्यात लिटरभर माध्यम असेल तर मधला भाग उशिरा तापतो, त्यामुळे २५ ते ३० मिनिटे द्या किंवा २५० मिलिलिटरचे फ्लास्क करा. ऑटोक्लेव्ह टेपचे काळे पट्टे ‘उष्णता लागली’ एवढेच सांगतात. निर्जंतुक झाले की नाही हे ठरवायला जिओबॅसिलस स्टिअरोथर्मोफिलसच्या बीजाणूंची पट्टी लागते.

माध्यम ४५ ते ५० अंशांवर ओता. फ्लास्क गालाला किंवा मनगटाला सहन होईल एवढा गरम, ही जुनी खूण पुरेशी आहे. त्याहून गरम ओतले की झाकणावर थेंब साचतात, ते खाली पडतात आणि एक बीजाणू सगळ्या प्लेटवर पसरतो. ओतल्यानंतर प्लेट रात्रभर खोलीच्या तापमानाला उलट्या ठेवून सुकू द्या. अशा प्लेट दोन दिवस कोऱ्या राहिल्या की मगच वापरा.

दुसरी प्लेट खराब: हवा आणि हात

लॅमिनार कामाआधी १५ ते २० मिनिटे चालू हवे. आडव्या प्रवाहात हात किंवा बाटली फिल्टर आणि प्लेटच्या मध्ये येऊ देऊ नका. आत मोठी ज्योत ठेवली की हवेचा सरळ प्रवाह मोडतो. एवढे करूनही १५ मिनिटांत पाच-सहा वसाहती पडत असतील, तर फिल्टर किंवा त्याची सील तपासून घ्यावी लागेल. पंखा आणि खिडकी बंद असावी, हे वेगळे सांगायला नको.

तिसरी प्लेट खराब: धुण्याचे पाणी

हा दोष सगळ्यात सोपा आणि सगळ्यात दुर्लक्षित. निर्जंतुक पाण्याची मोठी बाटली एकदा ऑटोक्लेव्ह करतात आणि आठवडाभर उघडतात. दर कामाला ५० मिलिलिटरच्या ताज्या बाटल्या घ्या, प्रत्येक धुण्यासाठी वेगळी. उरलेले पाणी परत वापरू नका. तुकडे टिपायचा फिल्टर पेपरही ऑटोक्लेव्ह केलेला आणि पूर्ण वाळलेला हवा. तुकडा ओला राहिला तर पाण्याचा थर अगरवर पसरतो आणि जिवाणूंना वाट मिळते. बुळबुळीत कड्याची अर्धी कहाणी या न टिपलेल्या पाण्यात असते.

चौथी प्लेट खराब, किंवा काहीच उगवत नाही: ब्लीच

बाटलीवरचा आकडा आणि बाटलीतले क्लोरीन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सोडियम हायपोक्लोराइट उजेडाने, उष्णतेने आणि नुसत्या काळाने कमजोर होते. माती आणि कुजके अवशेष ते आधी खाऊन टाकतात. म्हणून पान आधी वाहत्या नळाखाली धुवा आणि विरळ केलेले द्रावण त्याच दिवशी वापरा. ५ टक्क्यांच्या ब्लीचचा १ भाग आणि पाण्याचे ४ भाग म्हणजे १ टक्का. १ भाग आणि ९ भाग म्हणजे अर्धा टक्का. पान मेणचट असेल तर १०० मिलिलिटरला ट्वीन-२० चा (साबणासारखा पृष्ठभाग भिजवणाऱ्या द्रवाचा) एक थेंब घाला, नाहीतर बुडबुड्यांखाली लपलेले बीजाणू सहीसलामत राहतात.

त्याआधी ७० टक्के अल्कोहोलमध्ये १० ते ३० सेकंद बुडवले तर पृष्ठभाग नीट भिजतो. ९५ टक्के अल्कोहोल जास्त चांगले ही समजूत चुकीची आहे, प्रथिने साकळायला पाणी लागते. ९५ टक्के अल्कोहोलचे ७४ मिलिलिटर घेऊन एकूण १०० मिलिलिटर केले की ७० टक्के होते. अल्कोहोल आणि ब्लीच एकाच भांड्यात मिसळू नका आणि ब्लीचमध्ये आम्ल तर अजिबात नको, क्लोरीन वायू सुटतो. जुन्या वह्यांत ०.१ टक्का मर्क्युरिक क्लोराइड सापडेल. ते सोडून द्या: विषारी आहे, त्याचा कचरा कुठे टाकायचा हा प्रश्नच आहे, आणि ऊतीत उरलेला पारा आतली बुरशीही मारतो.

वेळ किती? याचे एकच उत्तर नाही, पण उत्तर काढायची रीत आहे. त्याच रोगाचे एकसारखे २० तुकडे करा. अर्धा टक्का ब्लीचमध्ये पाच तुकडे १५ सेकंद, पाच ३० सेकंद, पाच ६० सेकंद आणि पाच १२० सेकंद ठेवा. प्रत्येक गट तीनदा धुऊन, टिपून, आधी एका प्लेटवर त्याचा ठसा घ्या आणि मग तुकडे दुसऱ्या प्लेटवर ठेवा. ज्या सगळ्यात कमी वेळेला ठसे कोरे आणि तुकड्यांतून वाढ, ती तुमची वेळ. पातळ पानाला बहुधा ३० ते ६० सेकंद पुरतात; जाड देठ, लाकूड यांना १ टक्क्यात २ ते ५ मिनिटेही लागतात. ठसा कोरा होईपर्यंत तुकडाही मुका झाला, तर ब्लीचचा मार्गच त्या नमुन्याला नाही. मग पुढे सांगितलेला बीजाणू थेट उचलायचा उपाय करा.

चारही प्लेट कोऱ्या, तरी भलतीच बुरशी: नमुना

तंत्र सांभाळणाऱ्यांच्या हातूनही चूक होते ती इथे. ठिपक्याचा मधला तपकिरी, वाळलेला भाग दिसायला सगळ्यात ‘रोगट’ असतो, म्हणून कात्री तिकडे जाते. पण तिथली ऊती मेलेली आहे. रोगकारक पुढे सरकला आणि मागे अल्टरनेरिया अल्टरनाटा, क्लॅडोस्पोरियम, एपिकॉकम, नायग्रोस्पोरा अशा मृतोपजीवी बुरश्या येऊन बसल्या. रोगकारक जिवंत आणि एकटा सापडतो तो रोगट आणि निरोगी भागाच्या सीमेवर. ३ ते ५ मिलिमीटरचा असा तुकडा कापा की त्याचा अर्धा भाग हिरवा असेल. ठिपके लहान, कोवळे, नुकते आलेले निवडा. झाडावर सगळे ठिपके जुने असतील, तर त्या दिवशी आयसोलेशन (रोगकारक वेगळा करणे) टाळणे हाही निर्णय असतो.

तुकडा लहान ठेवण्याचेही कारण आहे. १ सेंटिमीटरच्या तुकड्यात अनेक बुरश्या मावतात आणि त्यातली सगळ्यात वेगवान जिंकते. ९ सेंटिमीटरच्या प्लेटवर पाचच तुकडे, एकमेकांपासून लांब. रायझोपस दोन-तीन दिवसांत प्लेट व्यापते. सर्कोस्पोरा किंवा सेप्टोरिया आठवड्यात काही मिलिमीटर सरकते. ही शर्यत त्यांना कधीच जिंकता येणार नाही.

नमुना पॉलिथिनच्या पिशवीत घामेजला असेल तर कापण्याआधीच खेळ संपलेला असतो. पाने कोरड्या कागदात गुंडाळून कागदी पिशवीत आणा, ओला कागद नको, आणि शक्यतो २४ तासांत काम करा. तोवर पाने ४ अंशांवर चालतात. पिथियम किंवा फायटोफ्थोराचा (बुरशीसारखे दिसणारे, पण खऱ्या बुरश्या नसलेले जीव) संशय असलेली मुळे आणि माती मात्र १० ते १५ अंशांवर ठेवा, कारण यांतल्या काही जातींना फ्रिजची थंडी मानवत नाही.

मर रोगात खोडाची साल सोलून टाका आणि तपकिरी झालेल्या वाहक ऊतीचे तुकडे घ्या. सालीतून मातीतल्या फ्युजॅरियमचे दहा प्रकार येतील आणि त्यातला खरा कोणता हे सांगता येणार नाही.

बीजाणू थेट उचलणे

हळू वाढणाऱ्या रोगकारकांसाठी हा उपाय ब्लीचपेक्षा भरवशाचा आहे, तरी तो शेवटी आठवतो. ठिपके असलेले पान धुऊन दमट डबीत ठेवा: पेट्री प्लेटमध्ये ओला फिल्टर पेपर, त्यावर दोन काड्या, काड्यांवर पान. २४ ते ४८ तासांनी स्टिरिओ सूक्ष्मदर्शकाखाली पाहा. करप्याच्या कॉलेटोट्रायकमचे नारिंगी-गुलाबी बीजाणुपुंज थेंबासारखे वर येतात. अल्टरनेरिया आणि सर्कोस्पोराचे बीजाणू उभ्या दांड्यांवर दिसतात. अगरचा कण टोचलेल्या बारीक सुईने फक्त पुंजाच्या टोकाला स्पर्श करा, पानाला नाही. ते ०.५ मिलिलिटर निर्जंतुक पाण्यात मिसळून २ टक्के वॉटर अगरवर (नुसते पाणी आणि अगर) रेघा ओढा. १६ ते २४ तासांत बीजाणू रुजतात. एकटा रुजलेला बीजाणू अगरच्या चौकोनासह कापून पीडीएवर ठेवा. एका दगडात दोन पक्षी: वेगळेही झाले आणि एकबीजाणू संवर्धनही (एकाच बीजाणूपासून वाढवलेली शुद्ध बुरशी) मिळाले. दमट डबीत ७२ तासांपेक्षा जास्त ठेवू नका, त्यानंतर मृतोपजीवींचीच पंगत बसते.

माध्यमच चुकीचे असेल तर

पीडीए फार पौष्टिक आहे आणि पौष्टिक ताटावर आगंतुक आधी बसतात. पहिल्या आयसोलेशनला २ टक्के वॉटर अगर अनेकदा बरे. रायझोक्टोनिया आणि पिथियम त्यावर विरळ पण वेगाने पळतात, २४ तासांत तंतूचे टोक कापून नेता येते, आणि जिवाणू मागे राहतात.

बुरशीच हवी असेल तर जिवाणू दाबायला १ लिटरला ५० मिलिग्रॅम क्लोरॅम्फेनिकॉल घाला. ते ऑटोक्लेव्ह सोसते. स्ट्रेप्टोमायसिन सोसत नाही, ते १०० मिलिग्रॅम माध्यम ५० अंशांवर आल्यावर घाला. आम्ल घालायचे तर १० टक्के निर्जंतुक टार्टारिक आम्ल, १०० मिलिलिटरला सुमारे १ मिलिलिटर, पीएच ३.५ च्या आसपास येतो. तेही ऑटोक्लेव्हनंतरच, आणि पुन्हा तापवू नका, आम्लात उकळलेला अगर गोठत नाही.

फायटोफ्थोरा आणि पिथियम ब्लीचला फार नाजूक. त्यांना ब्लीच न करता वाहत्या पाण्यात तासभर धुवा, टिपा आणि पार्प माध्यमावर (नाव त्यातल्या चार औषधांच्या आद्याक्षरांचे) ठेवा: १७ ग्रॅम कॉर्नमील अगरच्या लिटरभर माध्यमात पिमारिसिन ५, अँपिसिलिन २५०, रिफाम्पिसिन १० आणि पीसीएनबी १०० मिलिग्रॅम. पिमारिसिन एर्गोस्टेरॉलला चिकटते, ते यांच्या पेशीपटलात नसल्याने हे वाचतात आणि खऱ्या बुरश्या दबतात. फक्त फायटोफ्थोरा हवी असेल तर ५० मिलिग्रॅम हायमेक्झॅझॉल जोडा, त्याने बहुतेक पिथियम थांबते. प्लेट अंधारात ठेवा, पिमारिसिन उजेडाने बिघडते.

ज्यात बुरशी शोधत आहात, तो रोग जिवाणूचा तर नाही?

प्लेटला हात लावण्याआधी पाच मिनिटांची एक तपासणी करा. ठिपक्याच्या कडेचा ३ मिलिमीटरचा तुकडा काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात ठेवा, वर काच ठेवा आणि १०० पट मोठे करून, उजेड कमी करून पाहा. कापलेल्या कडेतून धुरासारखा लोट निघाला तर तो जिवाणूंचा प्रवाह आहे. मर रोग झालेल्या खोडाचा तुकडा पाण्याच्या ग्लासात टांगला की राल्स्टोनिया असल्यास दुधाळ दोरे खाली उतरतात. असे दिसले तर प्रतिजैविक घातलेला पीडीए म्हणजे स्वतःच रोगकारकाला मारणे. तुकडा निर्जंतुक पाण्याच्या दोन-तीन थेंबांत चिरडा, १० मिनिटे थांबा, न्यूट्रियंट अगरवर लूपने रेघा ओढा आणि २८ अंशांवर ४८ ते ७२ तास ठेवा. २४ तासांतच ठसठशीत झालेल्या पिवळ्या वसाहतीला झँथोमोनास समजू नका. ती बहुधा पँटोइया असते. झँथोमोनास सावकाश येते. राल्स्टोनियासाठी केलमन यांचे १९५४ मधले टेट्राझोलियम माध्यम अजूनही चालते: लिटरला ५० मिलिग्रॅम टेट्राझोलियम क्लोराइड. रोगक्षम वसाहती पांढऱ्या, पातळसर, मध्ये गुलाबी. क्षमता गमावलेल्या लहान आणि गडद लाल.

आणि भुरी, केवडा, तांबेरा, विषाणू, फायटोप्लाझ्मा यांच्यासाठी पीडीए लावूच नका. ते जिवंत पेशीशिवाय वाढत नाहीत. तांबेऱ्याच्या फोडातून क्लॅडोस्पोरियम उगवले म्हणजे क्लॅडोस्पोरियमने तांबेरा केला असे नव्हे.

कोळी

पेट्री यांनी १८८७ मध्ये केलेल्या ताटलीचे झाकण मुद्दाम सैल आहे, हवा जावी म्हणून. त्याच फटीतून कोळी येतात, बुरशी खातात, आणि पायांना लागलेले बीजाणू व जिवाणू घेऊन पुढच्या प्लेटवर जातात. वाळलेल्या नमुन्यांचा ढीग आणि महिन्यांच्या जुन्या प्लेट हे त्यांचे घर. बाधित प्लेट न उघडता ऑटोक्लेव्ह करा, उबवणीपेटी ७० टक्के अल्कोहोलने पुसा, नमुने आणि प्लेट वेगवेगळ्या खोल्यांत ठेवा, पॅराफिल्म (प्लेटच्या कडेला ताणून गुंडाळायची पट्टी) दुहेरी लावा. ती त्यांना उशीर करते, पूर्ण रोखत नाही, त्यामुळे स्वच्छतेला पर्याय नाही.

मिसळलेले संवर्धन वाचवायचे असेल

बुरशी हवी तीच आहे, पण जिवाणू चिकटलेत? वसाहतीच्या कडेचा कण कोऱ्या वॉटर अगरच्या प्लेटवर ठेवा, आणि निर्जंतुक चिमट्याने अगरचा दुसरा तुकडा त्यावर झाकणासारखा घट्ट बसवा. तंतू अगर भेदून वर येतात, जिवाणू खालीच अडकतात. वरून निघालेले टोक दोन दिवसांत कापून घ्या. दोन बुरश्या मिसळल्या असतील तर वॉटर अगरवर पसरू देऊन स्टिरिओखाली एकेका तंतूचे टोक कापणे, एवढाच मार्ग.

शुद्ध संवर्धन मिळाल्यावर

ते निरोगी झाडावर टोचा. पाच झाडांना बुरशीचा अगरकण आणि पाच झाडांना तशीच जखम करून कोरा अगरकण. दोन्ही गट २४ ते ४८ तास प्लास्टिकखाली दमट ठेवा. लक्षणे मूळ ठिपक्यांसारखीच यायला हवीत, आणि त्या नव्या ठिपक्यांतून तीच बुरशी परत मिळायला हवी. कोऱ्या अगरकणाच्या झाडांचेही तुकडे न चुकता प्लेटवर ठेवा. त्यांच्या निरोगी पानांतूनही तीच बुरशी आली, तर ती पानातली जुनी रहिवासी आहे. मग नवे कोवळे ठिपके आणून पुन्हा सीमेवरच्या तुकड्यापासून सुरुवात करा.